फायबरच्या होडीतला सबवूफर बदलायचाय. जुन्याच भोकात नवा बसवू का?

कर्लीकाठ

नमस्कार. मी देवबागचा, तालुका मालवण. भावाची आणि माझी मिळून 23 फुटी फायबरची होडी आहे, वर कापडी छत, मागे 40 एचपीचं मशीन. सीझनला कर्ली नदीतून संगमापर्यंत पर्यटकांच्या फेऱ्या मारतो. होडी चार वर्षांपूर्वी जुनी घेतली, तेव्हाच तिच्यात म्युझिक सिस्टीम होती. साडेसहा इंची चार स्पीकर, चार चॅनेलचा एक अँप्लिफायर आणि डाव्या बाकाच्या उभ्या फळीत बसवलेला 10 इंची सबवूफर.

मे महिन्यात सब बिघडला. आधी फक्त मोठ्या आवाजाला खरखर यायची, मग हळू लावलं तरी पत्रा घासल्यासारखं येऊ लागलं. होडी धक्क्याला लागताना काका वर उभे होते, ते म्हणाले, "डबो खय वाजता रे?" त्या दिवसापासून बंदच ठेवला. आता पावसासाठी होडी वर काढून माडाखाली झाकली आहे, म्हणून परवा सब बाहेर घेतला.

आठ स्क्रूंपैकी तिघांची डोकी गंजून तुटली. कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेचा काळा फोम बोट लावताच चुरा होऊन हातात आला. दोन्ही अंगठ्यांनी कोन सरळ आत दाबला की काचपेपरवर काचपेपर फिरवावा तसा घासतो. मागे मॅग्नेटवर गंजाचे पापुद्रे. वायर सोलली तर तांबं काळं, चार इंच कापली तरी काळंच. फूटभर मागे गेल्यावर कुठे लाल तांबं लागलं. बाकाच्या आत बॅटरी मारली तर तळाला दोन बोटं पाणी आणि त्यात पिवळ्या फोमचे कपचे तरंगत होते. हा पिवळा फोम कुठून आला ते कळलं नाही, कारण सबचा फोम काळा होता.

मापं अशी. भोक 232 मिमी व्यासाचं, फळी 5 मिमी जाडीची. आतली पोकळी अडीच फूट लांब, दीड फूट उंच, सव्वा फूट खोल. जुना सब 4 ओहमचा, अँप्लिफायरची मागची दोन चॅनेलं ब्रिज करून, म्हणजे दोन्हींची ताकद एकत्र करून, त्याला जोडली होती.

एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले, भोक थोडं मोठं करून गाडीचा 12 इंची टाका, धमाका होईल. मला धमाका नकोय. मी वाडीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. संध्याकाळच्या फेरीला आमच्याच डबलबारीचं रेकॉर्डिंग लावतो, आणि पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा ठोका छातीत कसा उतरायला हवा ते मला ठाऊक आहे. छोट्या स्पीकरमधून तो ठोका नुसता टकटक येतो. म्हणून सब हवा.

तर विचारायचं हे: 10 घेऊ की 12? गाडीचा चालेल की मरीनच लागेल? आणि जुन्या स्क्रूंची भोकं सैल झालीत, ती कशी भरायची? नारळी पौर्णिमेपर्यंत काम व्हायला हवं.

चारओहम

दादा, मी कोल्हापूरला पंधरा वर्षं गाड्यांची साउंड सिस्टीम बसवतो, पाच-सहा होड्यांचं कामही केलंय. माप देऊन विचारलंत म्हणून बरं वाटलं.

12 इंची विसरा. 5 मिमीच्या फायबरला तो झेपणार नाही, फळीच स्पीकरसारखी थरथरेल आणि पखवाजाच्या जागी बाक ऐकू येईल. शिवाय अँप्लिफायर तोच ठेवायचा असेल तर 10 इंची पुरे.

आता कुठला 10. तुमच्या बाकातली पोकळी मी काढली, साधारण 132 लिटर येते. 10 इंची सबच्या मानाने हे मोकळं मैदान आहे. गाडीचे बरेच सब लहान बंद पेटीसाठी बनवलेले असतात, पेटीतली कोंडलेली हवाच त्यांच्या कोनला आवरते. त्यांना 132 लिटरमध्ये सोडलं तर आवरायला काही नसतं, कोन वाजवीपेक्षा जास्त धावतो आणि कॉईल मागे आपटते. मोठ्या पोकळीसाठी 'फ्री एअर' किंवा 'इन्फिनिट बॅफल' जातीचा सब मिळतो. सबच्या माहितीच्या कागदावर क्यूटीएस नावाचा आकडा बघा, कोन स्वतःहून किती आवरला जातो ते तो सांगतो. 0.6–0.7च्या आसपास असेल तर तो अशा जागेचा, 0.4–0.5 असेल तर बंद पेटीचा.

मरीनच घ्या. कोन प्लास्टिकचा, कडा रबराची, फोमची अजिबात नको. खाऱ्या फवाऱ्याच्या चाचणीसाठी एएसटीएम बी117 आणि उन्हासाठी एएसटीएम डी4329 असं लिहिलेलं असतं, ते बघून घ्या.

ओहम नीट सांभाळा. दोन कॉईलचा सब असेल तर 2+2 वाला घेऊन सिरीजमध्ये 4 करा. 4+4 पॅरलल जोडलात तर 2 ओहम होतात, आणि ब्रिज केलेले बहुतेक चार चॅनेलचे अँप्लिफायर 4च्या खाली प्रोटेक्टमध्ये जातात, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतात. बसवण्याआधी पेन्सिल सेल टर्मिनलना क्षणभर लावून बघा. प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे.

सैल भोकांसाठी फळीच्या मागून 12 मिमी मरीन प्लायची रिंग रेझीनने चिकटवा आणि स्क्रूऐवजी आरपार बोल्ट टाका. फळी कडक होईल, थरथर जाईल.

मॅट-रेझीन

कर्लीकाठ दादा, अजून काही विकत घेतलं नसेल तर हात जोडून सांगतो, थोडं थांबा. चारओहम भाऊंचं आवाजाचं गणित बरोबर आहे. माझा प्रश्न बाकाचा आहे.

मी रत्नागिरीकडे फायबरच्या होड्या बांधतो, वीसेक वर्षं झाली. पिवळ्या फोमचे कपचे म्हणालात तिथेच मी अडकलो. तो पीयू फोम. होडी बांधताना बाकाखालचा कप्पा आम्ही चारी बाजूंनी बंद करतो, काही जण आत हा फोम ओततात, काही नुसती हवा कोंडतात. पावसात पाणी भरलं किंवा लाटेने होडी बुडाली तरी तिला वर धरून ठेवायचं काम या कप्प्यांचं. लाकडी होडी उलटली तरी लाकूड मुळात पाण्याहून हलकं, माणूस तिला धरून राहतो. फायबरचं तसं नाही. मॅट (काचतंतूंची चादर) आणि रेझीनचा थर पाण्याच्या दीडपट जड, वर मशीनचं वजन. कप्पे नसतील तर फायबरची होडी सरळ तळ गाठते.

132 लिटर म्हणजे खाऱ्या पाण्यात 135 किलोचा उचल. तुमच्या होडीचा डाव्या बाजूचा तेवढा उचल त्या 232 मिमीच्या भोकातून गेला आहे. ज्याने आधी सब बसवला त्याने जागा करायला आतला फोम खरवडून काढला असणार, उरलेला तुम्हाला पाण्यात दिसला. आणि उचल एकाच बाजूचा गेला की होडी भरल्यावर नुसती खाली जात नाही, डावीकडे झुकते आणि उलटते. स्पीकर बसवलाय म्हणजे भोक बंदच आहे असं समजू नका. लाट मारली की कोनच्या कडेने पाणी आत जातं, दोन बोटं पाणी त्याचाच पुरावा.

आधी खात्री करा. उजव्या बाकाला असं भोक नाही ना? मग त्यावर बोटाने टकटक करून दोन्हींचा आवाज ताडून बघा. डाव्या बाकाच्या तळाला ड्रेन प्लग असेल. भोकावर जाड प्लास्टिक चिकटपट्टीने घट्ट बसवा, ड्रेनच्या भोकात सायकलच्या पंपाची नळी कापड गुंडाळून लावा, अगदी हळू चार-पाच झटके द्या आणि सगळ्या कडांना साबणाचं पाणी फिरवा. जास्त हवा मारू नका, फळी फुगून सांधा सुटतो. प्लास्टिक फुगून तसंच राहिलं तर कप्पा अजून धड आहे, फक्त भोक बुजवायचं. बुडबुडे आले तर तो सांधाही करावा लागेल.

भोक बुजवताना नुसता तुकडा ठोकून वर एमसील लावू नका. फळी 5 मिमी, म्हणून भोकाच्या कडेपासून सगळीकडून 60 मिमी उतार घासा, म्हणजे बारास एक. ग्राइंडरला 40 नंबरची डिस्क. भोकाच्या काठाला कागदाइतकी पातळ धार आणि बाहेर पूर्ण जाडी असा तो उतार हवा. नव्या थराची पकड याच उतारावर असते. मागून आधाराला पातळ फायबरचा तुकडा रेझीनने चिकटवा आणि तो सुकल्यावर ॲसिटोनने पुसून घ्या. मग 450 ग्रॅमची मॅट, हाताने दाबलेला एक थर साधारण 1 मिमी होतो, तर सहा थर लागतील. सर्वांत मोठा गोल आधी, मग लहान होत जा. मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझीन. रोलर फिरवून पांढरे ठिपके जातील तोवर दाबा, पांढरं दिसतंय तिथे हवा आहे.

हार्डनरचं प्रमाण दीड टक्का धरा. एक गोष्ट जिवाची आहे म्हणून वेगळी सांगतो. रेझीनमध्ये कोबाल्ट (रेझीन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आधीच घातलेलं आहे का ते दुकानात विचारा. नसेल तर कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण मिसळा आणि मगच हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो. माझ्याकडच्या एका मुलाच्या हातातला डबा असाच पेटला होता. हात वाचला, पण भुवया जळाल्या. तेव्हापासून दोन्ही बाटल्या मी वेगवेगळ्या कपाटात ठेवतो.

घासताना पूर्ण बाह्या, चष्मा आणि चांगला मास्क. अंगाला खाज सुटली तर गार पाणी. गरम पाणी घेऊ नका, तंतू आणखी आत जातात. आणि श्रावणात दोन दिवस सलग उघडीप बघूनच काम काढा, ओल्या फायबरला मॅट धरत नाही.

आवाजासाठी दुसरी जागा बघू, होडीत जागेला तोटा नाही. पण हा कप्पा होडीला परत द्या.

कर्लीकाठ

काल संध्याकाळी केलं. उजव्या बाकाला भोक नाही, टकटक केलं तर भरीव आवाज येतो. डाव्याला नगाऱ्यासारखा पोकळ. प्लास्टिक लावून पंप मारला, फुगलं आणि पंधरा मिनिटं तसंच राहिलं. म्हणजे सांधे धड आहेत.

चार वर्षं त्या बाकावर मी लहान मुलांना बसवतोय, कारण डावीकडून सूर्यास्त चांगला दिसतो. काल रात्री झोप लागली नाही. भोक बुजवणार, यात आता दुमत नाही.

मग सब कुठे? चालकाच्या सीटखाली एक चौकोनी ठोकळा आहे, मागून उघडा, त्यात आम्ही दोर ठेवतो. रुंदी 450, उंची 420, खोली 400 मिमी. पेट्रोलची टाकी तिथून लांब, अगदी मागच्या बाकाखाली. समोर स्टिअरिंगचं कन्सोल, त्यावर होकायंत्र आणि आत अँप्लिफायर.

चारओहम

मॅट-रेझीन भाऊ, मी इतकी कामं केली पण बाकामागे काय आहे हे कधी तपासलं नव्हतं. पूर्वी केलेल्या दोन होडीवाल्यांना आजच फोन केला. एकाचा कप्पा सामानाचा आहे, दुसरा बघून सांगतो म्हणाला.

कर्लीकाठ दादा, जागा बदलली की सबही बदलला. वर सांगितलेला फ्री एअरचा आता नको. बंद पेटी करायची, म्हणून पेटीचा सब घ्या. समजा कागदावर क्यूटीएस 0.45 आणि व्हीएएस (कोनच्या लवचिकपणाला जुळणारी हवा) 40 लिटर आहे. 24 लिटरच्या पेटीत बसवल्यावर सब आणि पेटी मिळून तो आकडा 0.73च्या आसपास येऊन बसतो. 0.7च्या जवळ असला की ठोका पडतो आणि लगेच थांबतो, मागे घुमत राहत नाही. तुम्हाला पखवाजासाठी नेमकं हेच हवंय.

पेटी 18 मिमी मरीन प्लायची करा, आयएस 710 शिक्का बघून. आतून 300 × 300 × 290 मिमी धरलंत की 26 लिटर होतात, दोन लिटर सबची फ्रेम आणि मॅग्नेट खातं. सगळ्या कडा आतून-बाहेरून रेझीनने भरा. कुठूनही हवा गळता कामा नये. कोनचा पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना भेटले की बेस मरतो. उघड्या पाण्यावर तर आधीच भिंती नाहीत, गाडीच्या केबिनमध्ये जो बेस फुकट वाढून मिळतो तो इथे मिळत नाही. गळकी पेटी परवडणार नाही.

सिलिकॉन लावाल तर न्यूट्रल घ्या. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते ॲसिडचं, टर्मिनलचं तांबं खातं. बोल्ट 316 स्टेनलेसचे. चुंबक लावून 316 आणि 304 वेगळे ओळखता येत नाहीत, दोन्हींना जवळजवळ चिकटत नाही, तेव्हा दुकानदाराकडून बोल्टच्या डोक्यावरचा ए4 शिक्का बघून घ्या.

सबला 80 हर्ट्झच्या खालचं द्या आणि चार छोट्या स्पीकरना 80च्या वरचं. त्यांचीही खरखर कमी होईल.

करंजा बंदर

मी उरणकडचा. तीस वर्षं ट्रॉलर आणि लाँचवर वायरिंग केलं, आता घरीच असतो. आवाजातलं मला फार कळत नाही, विजेचं सांगतो.

बाळा, काळ्या तांब्याचं लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. होडीत घरातली वायर टाकली की हेच होतं. खारं पाणी तारेच्या पेडांमधून केशाकर्षणाने आत चढतं आणि आतल्या आत तांबं खात जातं, वरून इन्सुलेशन नवं दिसतं. कथिल चढवलेली तार घे, प्रत्येक पेड पांढरा दिसला पाहिजे. टोकाला थिंबल क्रिंप करून वर आतून गोंद असलेली स्लीव्ह गरम करून बसव. गोंद बाहेर डोकावला म्हणजे बसली.

गाडीवाले बॉडीला अर्थ मारतात. फायबरला बॉडी नाही. मायनसही बॅटरीपासूनच आणायचा, प्लसइतक्याच जाडीचा. बॅटरी मागे, अँप्लिफायर कन्सोलमध्ये, म्हणजे अंतर अंदाजे 4 मीटर, जाऊन-येऊन 8. 40 अँपियर ओढला तर 6 चौरस मिमीच्या तारेत जवळजवळ 0.9 व्होल्ट वाटेतच जातात. 16 चौरस मिमी घेतलीस तर 0.35. सोळाचीच घे. 50 अँपियरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, त्याहून लांब नको. फ्यूज अँप्लिफायरजवळ लावला तर मधल्या चार मीटर तारेला वाली कोण? ती कुठे घासून शॉर्ट झाली तर होडी पेटते, आणि मागे पेट्रोल आहे. टाकीच्या कप्प्यात अँप्लिफायर, फ्यूज, स्विच यातलं काहीही नको, पेट्रोलची वाफ जड असते आणि खाली साचून राहते.

आता खरी गोष्ट. तुझी बॅटरी एकच आहे का? एकाच बॅटरीवर गाणी आणि मशीन चालवू नकोस. माझ्या ओळखीतल्या एकाची होडी खाडीच्या मुखाशी होती, मशीन बंद करून अर्धा तास गाणी लावली. ओहोटी लागली तेव्हा सेल्फ मारला तर नुसतं टिकटिक. वर नऊ माणसं. प्रवाह बाहेर ओढत होता, पाणी खोल म्हणून नांगर धरेना, अंधार पडायला आलेला. दोरी गुंडाळून मशीन हाताने ओढायला लागली, अकराव्या-बाराव्या झटक्याला चालू झालं. तो माणूस आजही ते सांगताना उजवा खांदा दाबतो. तुझ्या संगमालाही ओहोटी तशीच ओढते.

गाण्याला वेगळी बॅटरी टाक, मध्ये स्विच. मशीनची बॅटरी फक्त मशीनची.

आणि होकायंत्र. सबचं मॅग्नेट त्याला फिरवतं. बसवण्याआधी होडी पाण्यात स्थिर बांधून, सब खोक्यासकट हातात घेऊन होकायंत्राकडे ने आणि काटा कुठून हलू लागतो ते बघ. मग जागा ठरव.

तारकर्लीची लाट

वरचं सगळं वाचलं. एकच विनंती, मीही याच किनाऱ्याची. संगमाच्या बाहेर समुद्रात डॉल्फिन बघायला जाताना सब बंद ठेवाल का? होडीच्या अंगातून धडधड सरळ पाण्यात उतरते, आणि ते प्राणी आवाजावरच जगतात. मालवणचा सागरी भाग 1987 पासून अभयारण्य आहे, हे पर्यटकांना सांगितलं तर तेही आनंदाने ऐकतात.

कर्लीकाठ

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, काम संपल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ताई, मान्य. मशीनसुद्धा डॉल्फिन दिसल्यावर आम्ही हळू करतो, गाणी आता फक्त नदीत. संगमाच्या अलीकडे भाऊच स्विच बंद करतो.

भोक बुजवलं. उघडिपीचे दोन दिवस मिळायला नऊ दिवस थांबलो. उतार घासायलाच दीड तास गेला. 5 मिमी जाडीवर सगळीकडे सारखा 60 मिमी उतार आणणं हाताचं काम आहे, ग्राइंडर जरा रेंगाळला की खड्डा पडतो. भोकाभोवती 352 मिमीचं वर्तुळ पेन्सिलने काढून घेतलं आणि मध्ये दोन वर्तुळं आणखी, म्हणजे कुठे कमी-जास्त होतंय ते दिसत राहिलं. फोम परत ओतायच्या भानगडीत पडलो नाही. मॅट-रेझीन भाऊंना फोटो पाठवून विचारलं, ते म्हणाले कप्पा हवाबंद असेल तर नुसती हवाही चालेल. मात्र आत काय चाललंय ते कळावं म्हणून ड्रेन प्लग नवा घाला आणि दर फेरीच्या दिवशी सकाळी उघडून बघा. तसं करतोय. आजवर थेंबही आला नाही. सहाव्या थरावर पातळ प्लास्टिक अंथरून दाबलं, दुसऱ्या दिवशी ते सोलून काढलं तेव्हा खालचं फायबर काचेसारखं. रंग दिल्यावर हात फिरवला तरी जोड लागत नाही. पंप-साबण पुन्हा केलं, धरून राहिलं.

करंजाच्या काका, होकायंत्राचं तुम्ही सांगितलं नसतं तर फसलो असतो. माझा पहिला विचार पेटी कन्सोलच्या आतच बसवायची होती. सब हातात धरून नेला, तर अर्ध्या मीटरवर काटा सरळ 15 अंश वळला. सीटखालच्या जागेपासून, म्हणजे सव्वा मीटरवरून, डोळ्याला दिसेल इतका हलला नाही. म्हणून पेटी सीटखालीच, कोन मागच्या बाजूला तोंड करून. दोर आता नाळेकडे.

सब 10 इंची, 2+2 सिरीज, मल्टीमीटरवर 3.6 आला. पेन्सिल सेलने कोन बाहेर आला तेव्हा भावाचा मुलगा टाळ्या वाजवू लागला, त्याने आणखी दहा वेळा करायला लावलं. पेटी ठोकळ्यात थेट ठेवली तर ठोकळा थरथरत होता, म्हणून खाली चार रबरी गट्टू आणि बाजूंनी दोन पट्टे. पेटीच्या तळाशी 20 मिमी मोकळं आहे, फवारा आला तरी पाणी निघून जातं. वायरी नव्या, सोळाच्या, कथिलवाल्या. फ्यूज बॅटरीपासून 15 सेंटीमीटरवर. गाण्यांची बॅटरी वेगळी, स्विच कन्सोलवर लाल रंगाचा लावलाय, भाऊ विसरू नये म्हणून.

नारळी पौर्णिमेला नारळ दिला. होडी पाण्यात उतरली ती त्यानंतर चार दिवसांनी, संध्याकाळी, फक्त घरची माणसं घेऊन. कर्लीत खाडीच्या वळणावर मशीन बंद केलं. काका डाव्या बाकावर, मुद्दाम तिथे बसले. आमच्याच मंडळाचं मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावलं, आवाज निम्म्याहून कमी. गजर सुरू व्हायच्या आधी पखवाजाचा एकटा ठोका आहे. तो पडला, आणि थांबला. मागे काही घुमलं नाही. दोन्ही काठांवर माड, पाणी स्थिर, आणि कणकेच्या बाजूचा तो ओला, भरलेला आवाज अगदी वाडीतल्या मंडपात बसल्यासारखा.

काकांनी बाकावर दोन बोटांनी ताल धरला होता.

मॅट-रेझीन भाऊ, एक राहिलं. उजव्या बाकाच्या मागच्या कोपऱ्यात रंगाखाली केसासारखी तीन इंच लांब रेघ दिसते, नखाला लागत नाही. फोटो पाठवतो. ती वरच्या थराचीच आहे की खोल, आणि सीझन सुरू करण्याआधी घासून बघू का, एवढं सांगा.